माळ्यावरचा डिजिकॅम: जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सुरुवात करताना

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरात दोन मुंजींचे फोटो आहेत. एक धाकट्या भावाची मुंज, २००६ च्या मे महिन्यातली, मामाच्या खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यावर टिपलेली. दुसरी भाच्याची, दोन वर्षांपूर्वीची, घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर. भाच्याच्या फोटोंत हॉलच्या टोकाची रिकामी खुर्चीसुद्धा लख्ख दिसते. कुठे अंधार नाही, कुणाचा चेहरा काळवंडलेला नाही. तरी पाहुणे आले की आई भावाच्या मुंजीचाच अल्बम काढते. त्यात मातृभोजनाचा एक फोटो आहे. आईने घास पुढे केलाय, फ्लॅश नेमका दोघांवर पडलाय, शालूची जर पांढरीफटक झालीय आणि मागचा सगळा हॉल काळोखात गेलाय. त्या काळोखाच्या कडेला आजोबांची टोपी आणि चष्म्याची एक काच तेवढी चमकतेय.

त्या फोटोपायी मी गेली तीन वर्षं जुने डिजिकॅम वापरतेय. आता सोसायटीतली मुलं विचारतात, “ताई, कुठला कॅमेरा घेऊ?” हा प्रश्न खरं तर बराच नंतरचा. त्याआधी काय करायचं आणि त्यानंतर काय, ते क्रमाने लिहिते. लेख मुख्यतः २००३ ते २०१० च्या सुमाराच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांबद्दल आहे. फिल्म आणि टेप यांच्यासाठी शेवटाकडे थोडी जागा ठेवलीय.

तो फोटो तसा का दिसतो

हे आधी समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी यावर उभी आहे. आजचा फोन एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर बसवतो, सावल्या उजळतो, पांढरं पडणारं आकाश सावरतो. जुना डिजिकॅम एकदाच बघतो. उजेड आणि अंधार दोन्ही एका दमात धरायची त्याची ताकद कमी, म्हणून त्याला निवड करावी लागते. चेहरा सांभाळला तर खिडकी पांढरी होते, खिडकी सांभाळली तर चेहरा काळा.

त्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, अगदी लहान असतो. डब्यावर १/२.५ इंच असं लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात तो साधारण ५.८ बाय ४.३ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही छोटा. एवढ्याशा जागेत ५० लाख बिंदू बसवलेले असतात. उजेड कमी पडला की त्यांच्यात रंगीत रवा दिसायला लागतो. कॅमेरा तो रवा पुसायचा प्रयत्न करतो आणि पुसताना बारीक तपशीलही थोडा पुसला जातो. केस, पानं, साडीची वीण जराशी जलरंगात काढल्यासारखी दिसते ती त्यामुळे.

फ्लॅशचा वाटा मात्र सगळ्यात मोठा, असं माझं मत आहे. या कॅमेऱ्यांत झेनॉन फ्लॅश असतो. त्याचा लोळ सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी वेळ टिकतो, पण त्या क्षणी तो फार प्रखर असतो. फोनचा एलईडी दिवा त्याच्यापुढे समईसारखा. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असल्याने चेहऱ्यावर सावली पडत नाही, चेहरा सपाट आणि स्वच्छ दिसतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. एक मीटरवरचा माणूस झगझगीत, दोन मीटरवरचा मंद, चार मीटरवरची भिंत जवळपास काळी. आजोबांची टोपी काळोखात गेली ती या हिशोबाने.

आता सीसीडीबद्दल. हा सेन्सरचा एक प्रकार. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तो शोधला आणि २००९ मध्ये त्यांना त्यासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, त्यातही सीसीडीच होता: १०० बाय १०० बिंदूंचा, कृष्णधवल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे सीमॉस नावाचे दुसऱ्या प्रकारचे सेन्सर स्वस्त आणि वेगवान झाले आणि सीसीडी मागे पडला. हल्ली विकणारे ‘सीसीडी’ हा शब्द मंत्रासारखा वापरून जास्त भाव मागतात. रंगांचं श्रेय एकट्या सीसीडीला देऊ नका. त्या काळच्या कंपन्यांनी त्वचा, आकाश, लाल रंग कसे दिसावेत याची जी आवड कॅमेऱ्यात भरून ठेवली होती, तिचा वाटा निदान तेवढाच मोठा आहे. सीसीडीची स्वतःची म्हणता येईल अशी खूण वेगळी आहे: कॅमेरा सूर्याकडे किंवा हॅलोजनकडे धरला की स्क्रीनवर त्या दिव्यातून वर-खाली एक उभी उजळ रेघ जाते. व्हिडिओ काढलात तर ती त्यातही उतरते. मला ती फार आवडते.

हा प्रत्येक दोष कुठून येतो ते कळलं की तो हवा तिथे आणता येतो आणि नको तिथे टाळता येतो. फोनच्या फिल्टरने हे जमत नाही, कारण फोनने सावल्या आधीच उजळून टाकलेल्या असतात. रवा वरून शिंपडला तरी काळोख परत येत नाही.

पहिली पायरी: घर धुंडाळा

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं बहुतेकांचं होतं. माळ्यावरची सुटकेस, लोखंडी कपाटाचा चोरकप्पा, दिवाणाच्या पोटातली वायरींची पिशवी, सगळं बघा. मावशीला, काकांना फोन करा. ज्या घरात २००३ ते २०१० च्या दरम्यान लग्न, मुंज किंवा बारसं झालं, तिथे एक कॅमेरा असायची शक्यता खूप.

सापडला की लगेच चालू करू नका. आधी बॅटरीचं झाकण उघडा. पेन्सिल सेलवर चालणारा असेल आणि आत पांढरी-हिरवी पावडर दिसली, तर सेल गळलेत. ती पावडर बोटांनी खरवडू नका. कापूस गुंडाळलेल्या काडीवर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा एखादा थेंब घ्या, पट्ट्या पुसा, मग कोरड्या कापसाने टिपून रात्रभर वाळू द्या. चपटी लिथियम बॅटरी असेल आणि ती फुगलेली असेल, तर ती दाबू नका, चार्ज करू नका आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. त्याच क्रमांकाची दुसऱ्या कंपनीची नवी बॅटरी बहुतेक मॉडेलसाठी अजून मिळते. क्रमांक जुन्या बॅटरीवरच छापलेला असतो.

आणि कार्ड फॉरमॅट करण्याआधी, म्हणजे पूर्ण पुसण्याआधी, त्यातलं सगळं संगणकावर उतरवून घ्या. कार्ड नसेल तरी कॅमेरा चालू करून ‘बघा’चं बटण दाबा. अनेक कॅमेऱ्यांना काही मेगाबाइटची अंतर्गत मेमरी असते आणि कार्ड विसरलेल्या दिवशीचे फोटो तिथे पडून असतात. मामाच्या कॅमेऱ्यात मला असे तीन फोटो मिळाले. त्यातल्या एकात आजोबा गॅलरीत कुंडीतली माती उकरतायत. घरात कुणालाच तो फोटो आठवत नव्हता.

दुसरी पायरी: कार्ड आणि सेल

सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात. “कॅमेरा बिघडलाय” म्हणून माझ्याकडे आलेल्या कॅमेऱ्यांपैकी कित्येकांना फक्त चुकीचं कार्ड घातलेलं होतं. एसडी कार्ड दिसायला सगळी सारखीच, पण २ जीबीपर्यंतचं साधं एसडी, ४ ते ३२ जीबीचं एसडीएचसी आणि त्यापुढचं एसडीएक्ससी. एसडीएचसी आलं २००६ मध्ये. त्याआधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना ते ओळखता येत नाही. म्हणून २ जीबी किंवा त्याहून कमीचं, अंगावर नुसतं ‘एसडी’ लिहिलेलं कार्ड शोधा. जुन्या फोनमधलं २ जीबीचं मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालूनही काम होतं. ५ मेगापिक्सेलचा, म्हणजे ५० लाख बिंदूंचा, फोटो दोन-अडीच एमबीचा धरला, तर २ जीबीत आठशेच्या आसपास मावतात. महिनाभर पुरतील.

ऑलिंपस आणि फुजीच्या बऱ्याच मॉडेलना एक्सडी कार्ड लागतं, सोनीच्या बहुतेकांना मेमरी स्टिक. दोन्ही आता सहसा जुनीच मिळतात आणि महाग पडतात. घरात कार्डासकट कॅमेरा असेल तर आनंदाने वापरा. विकत घेणार असाल तर पहिला कॅमेरा एसडीवाला घ्या.

पेन्सिल सेलच्या कॅमेऱ्यात साधे सेल घातले तर वीस-पंचवीस फोटोंत ‘बॅटरी बदला’ असा इशारा येतो. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, चार सेल आणि एक चार्जर. ते १.२ व्होल्टचे असले तरी फ्लॅशला लागणारा जोराचा प्रवाह ते न दमता देतात.

तिसरी पायरी: घ्यायचाच असेल तर

ठाण्याहून सीएसएमटी लोकलने गेलात तर स्टेशनच्या समोरच फोर्टमधल्या बोरा बाजार भागात कॅमेऱ्यांची जुनी दुकानं आहेत. चोर बाजारात मटण स्ट्रीटवरही मिळतात, पण तिथे पारखायची नजर हवी आणि घासाघीस करायची तयारी. ऑनलाइनही चिक्कार आहेत. मी पहिल्या खरेदीसाठी दुकानच सुचवेन, कारण हातात घेऊन बघता येतं. जाताना दोन चार्ज केलेले पेन्सिल सेल आणि २ जीबीचं कार्ड खिशात असू द्या. “सेल नाहीत, पण चालू आहे” असं ऐकून परत यायची वेळ येत नाही.

काय तपासायचं? चालू केल्यावर लेन्स घरघर न करता, न अडखळता बाहेर येते का. झूम पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे जातो का. फ्लॅश लागोपाठ तीनदा पडतो का. बॅटरीच्या झाकणाची खिट्टी शाबूत आहे का. ती लहानशी प्लॅस्टिकची असते आणि तुटली की कॅमेरा रबरबँडवर जगतो. मग एक पांढरी भिंत आणि एक आकाशाचा फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून बघा. पुसट करडे डाग दिसले तर आत धूळ किंवा बुरशी आहे. फोनचा टॉर्च लेन्सवर तिरका मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, ती बुरशी. असा कॅमेरा फुकट मिळाला तरी बाकीच्या कॅमेऱ्यांजवळ ठेवू नका.

स्क्रीनवर चित्र जांभळं, ताणलेलं किंवा नुसतं काळं येत असेल आणि मेनू मात्र नीट दिसत असेल, तर तो सेन्सरचा दोष समजा. २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या काही सीसीडींमध्ये आतली जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटायची. आपली हवा तर बारा महिने तशीच. हा दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला १८०० बाय १२०० बिंदू पुरतात, म्हणजे २२ लाखांहूनही कमी. ४ ते ७ मेगापिक्सेलचा कोणताही कॅमेरा त्याहून खूप जास्त देतो. इतक्याच सेन्सरवर १२-१४ मेगापिक्सेल कोंबलेले नंतरचे कॅमेरे उलट जास्त रवाळ वाटतात. कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतले ए५३०, ए५५० यांच्यासारखे दोन पेन्सिल सेलवर आणि एसडी कार्डवर चालणारे कॅमेरे शिकायला उत्तम. निकॉनचे कूलपिक्स, कोडॅकचे इझीशेअर हेही बघा. इझीशेअरचे निळे आणि पिवळे रंग मला विशेष आवडतात. जपानी बाजारातून आलेला सोनी किंवा इतर कोणता कॅमेरा घेण्याआधी मेनू इंग्रजीत होतो का ते बघून घ्या; काहींमध्ये जपानीशिवाय दुसरी भाषाच नसते.

चौथी पायरी: पाच सेटिंग्ज, एकदाच

आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, सगळ्यात कमी ठेवा, ८० किंवा १००. ऑटोवर सोडलंत तर घरात तो ४०० वर जातो आणि रवा वाढतो. डिजिटल झूम बंद. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ‘ऊन’च्या चिन्हावर ठेवा. मग पिवळा बल्ब पिवळा येतो, संध्याकाळ तांबूस येते. ऑटोवर कॅमेरा सगळ्याला एकसारखं पांढरं करायला बघतो आणि देवघराचा उजेडही ऑफिससारखा दिसतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे एक-तृतीयांश करा, उन्हात उणे दोन-तृतीयांश, कारण एकदा पांढरं झालेलं काहीही परत मिळत नाही. पाचवं, फ्लॅश ऑटोवर नको. एक तर सक्तीने चालू, नाहीतर पूर्ण बंद. ठरवायचं तुम्ही.

तारीख फोटोवर छापायची का, हा आवडीचा प्रश्न. मी छापत नाही, पण घड्याळ मात्र दर वेळी तपासते. बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली की ते मूळ तारखेवर परत जातं.

पाचवी पायरी: ठाण्यात चार उजेड

एकदम गर्दीत घुसू नका. पहिला महिना एकाच गावातले चार वेगवेगळे उजेड ओळखण्यात घालवा.

सकाळी साडेसहा-सातला तलावपाळीवर जा. फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, होड्या काठाला लागलेल्या असतात, पाण्यावर ऊन तिरपं असतं. झाडाच्या फांद्या उजळ आकाशावर धरून एक फोटो काढा आणि मोठा करून बघा: पानांच्या कडेला जांभळी किनार दिसेल. लेन्स आणि सेन्सरचा तो दोष आहे. आकाश टाळून पाण्यातल्या प्रतिबिंबावर कॅमेरा धरलात तर ती नाहीशी होते. दोन्ही फोटो जवळ ठेवा.

दुपारी बाराला जांभळी नाक्याचा बाजार. ताडपत्र्यांखाली निळा-पिवळा उजेड झिरपत असतो आणि दोन ताडपत्र्यांच्या फटीतून कडक उन्हाचा पट्टा खाली पडतो. तो पट्टा फोटोत पांढराफटक होणार, हे गृहीत धरून तो कुठे पडायला हवा ते ठरवा. शेवंतीच्या ढिगावर पडला तर फुलं पेटल्यासारखी दिसतात. फुलवाल्या मावशींच्या चेहऱ्यावर पडला तर चेहरा हरवतो. विचारून काढा, काढलेला दाखवा. जुना कॅमेरा बघून मावशी स्वतःच बोलायला लागतात, “असला आमच्या पोराकडे होता.”

तिसरा उजेड संध्याकाळचा, दिवे लागण्याच्या सुमाराचा. आकाश निळं असताना दुकानांचे दिवे लागतात, ती वीस मिनिटं. राम मारुती रोडवर किंवा गोखले रोडवर उभे राहा. इथे ‘रात्रीचं व्यक्तिचित्र’ म्हणून जो चंद्र आणि माणसाच्या चिन्हाचा मोड असतो, तो लावा. त्यात फ्लॅश पडतो आणि शटर पुढे आणखी थोडा वेळ उघडं राहतं. जवळचा माणूस फ्लॅशने थिजतो, मागचे दिवे रेघा होऊन वाहतात. हात हलला तरी चालेल, थोडा हललेलाच बरा.

चौथा, रात्रीचा फ्लॅश. नवरात्रात टेंभी नाक्याला, दिवाळीत सोसायटीच्या गच्चीवर, किंवा घरीच केळवणाच्या पंगतीत. माणसापासून एक ते दोन मीटरवर राहा. जवळ गेलात तर चेहरा जळतो, तीन मीटरच्या पुढे फ्लॅश पोचत नाही. मागे काय काळोखात जायला हवं आणि काय अर्धवट दिसायला हवं, ते अंतरानेच ठरवायचं. पावसात फ्लॅश मारलात तर लेन्सजवळचे थेंब पांढऱ्या चकत्यांसारखे तरंगतात. उपवन तलावावर जुलैमध्ये छत्रीखालून हे करून बघा. देवळाच्या गाभाऱ्यात मात्र फ्लॅश नको, तान्ह्या बाळावर नको, आणि अनोळखी माणसावर त्याला न विचारता तर कधीच नको.

बटण आणि लेझीम

यासाठी वेगळी जागा घेते, कारण नव्या माणसाचा हिरमोड इथेच होतो. बटण दाबल्यावर हे कॅमेरे थांबतात. अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त. तोवर बाळाचं हसू मावळलेलं असतं. उपाय असा: बटण अर्धं दाबून धरा. कॅमेरा फोकस आणि उजेड ठरवून घेतो, हिरवा दिवा लागतो. आता बोट तसंच ठेवा आणि क्षणाची वाट बघा. उरलेलं अर्धं दाबलं की फोटो जवळपास लगेच निघतो.

हे मी शिकले ते गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत. लेझीम पथक समोर होतं आणि माझ्या प्रत्येक फोटोत हात खाली आलेले. मग मी फोटो काढणं थांबवून चार आवर्तनं नुसती ऐकली. ताल अंगात बसला तेव्हा हात वर जायच्या जरा आधी बोट दाबलं. त्या दिवशीच्या साठ फोटोंपैकी दोन चांगले आलेत, आणि दोन्ही त्यानंतरचे.

व्हिडिओ

बहुतेक कॅमेरे ६४० बाय ४८० चा व्हिडिओ काढतात. वीस सेकंद कॅमेरा अजिबात न हलवता धरा, झूमला हात लावू नका. फोडणीचा, पावसाच्या पागोळ्यांचा, प्लॅटफॉर्मवरच्या उद्घोषणेचा आवाज या छोट्या माइकवर थोडा घोगरा येतो, तो तसाच राहू द्या. ट्यूबलाइटखाली चित्र लपलपत असेल तर मेनूत ५० हर्ट्झ किंवा ‘पाल’ निवडा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

घरात कॅमकॉर्डरच्या किंवा व्हीएचएसच्या टेप असतील तर खेळ म्हणून लावून बघू नका. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी टेप चालवली की टेपही खराब होते आणि यंत्राचं हेडही. आधी स्वच्छ करून घेणाऱ्याकडे द्या. लग्नाची टेप एकच असते.

फिल्म कधी

हात बसल्यावर. घरात यशिका एमएफ-२ किंवा कोडॅक केबी१० असेल तर मोह होणारच. आधीच्या पिढीकडे आग्फा क्लिक थ्री असायचा, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. कृष्णधवल फिल्म तर आपल्याकडेच, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्समध्ये ‘इंदू’ नावाने बनायची. पण आज एक ३६ चा रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून एवढा खर्च येतो की शिकताना चुकायची भीती बसते. चुकायची भीती बसली की माणूस सुरक्षित फोटो काढतो. डिजिकॅमवर हजार फोटो चुकवा, मग एक रोल घाला.

सहावी पायरी: ठाण्याच्या हवेपासून जपणं

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे चपलांवरही बुरशी येते, लेन्स तर काचेची आणि बंद कप्प्यातली. चामड्याच्या किंवा स्पंजच्या जुन्या कव्हरमध्ये कॅमेरा ठेवू नका, ते ओल धरून ठेवतात. रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. जेलचा रंग बदलला की पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापवून पुन्हा कोरडं करा. तांदळावर भिस्त ठेवू नका. डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत. बॅटरी काढून वेगळी ठेवा. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चालवा, लेन्स आत-बाहेर होऊ द्या.

एसी लोकलमधून ठाण्याला उतरलात की कॅमेरा लगेच पिशवीबाहेर काढू नका. थंड काचेवर दमट हवा लागली की धुकं धरतं, आणि तेच आतल्या काचेवर धरलं तर निघायला वेळ लागतो. चेन बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

सातवी पायरी: उतरवा, निवडा, छापा

फोटो कार्ड रीडरने संगणकावर घ्या. कॅमेऱ्याची केबल जुनी जाड मिनी-यूएसबी असेल तर तीही चालते. कुणाला पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबलं जाऊन उरलासुरला तपशीलही जातो. रंग सुधारायला बसू नका. सुरुवातीचे सहा महिने तरी कॅमेऱ्याने दिलं तसंच राहू द्या, म्हणजे चूक उजेड निवडण्यात झाली की अंतर ठरवण्यात, ते कळत राहील.

महिन्याला दहा फोटो निवडून ४ बाय ६ मध्ये, मॅट कागदावर छापून घ्या. स्टुडिओवाल्याला “ऑटो करेक्शन बंद ठेवा” असं आवर्जून सांगा, नाहीतर त्यांचं मशीन सगळे काळोख उजळून टाकतं. घरी आल्यावर फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, दिवस, जागा आणि माणसांची नावं लिहा. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मातृभोजनाच्या त्या फोटोवर कोपऱ्यात कॅमेऱ्याने केशरी आकड्यांत १ जानेवारी २००५ असं छापलंय. मामा घड्याळ लावायला विसरला होता. खरी तारीख आम्हाला कळते ती मागच्या बाजूने, आजीच्या अक्षरात, तिथीसकट.